आरडाओरडा खोटा आहे

गेली आठ वर्षं मी पोटासाठी ओरडत आले. परदेशी सुपरहिरोंचे सिनेमे आणि मालिका मराठीत येतात, तेव्हा नायकाला एक आवाज लागतो, खलनायकाला एक, आणि इमारत कोसळताना रस्त्यावरून सैरावैरा पळणाऱ्या दोनशे माणसांना मिळून चार-पाच. त्या चार-पाचांतली मी एक. आमच्याकडे या कामाला 'गर्दी' म्हणतात. 'ताई, उद्या गर्दीला येता का?' असा फोन यायचा आणि मी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या स्टुडिओत जायचे. तिथे आम्ही चौघंपाच जण एका माइकभोवती उभे राहून किंचाळायचो. कोणी दूरचं वाटावं म्हणून भिंतीकडे तोंड करून ओरडायचं, कोणी धापा लागाव्यात म्हणून जागच्या जागी पळायचं. मध्येच कोणाला तरी हसू फुटायचं, मग परत पहिल्यापासून.

सुरुवातीला मजा होती, हे कबूल करायला हवं. पहिला सिनेमा आला तेव्हा आमच्या इमारतीतल्या मुलांना मी बरोबर घेऊन गेले होते. पुलावरून बस लोंबकळते त्या प्रसंगात एक बाई जिवाच्या आकांताने ओरडते. ती मी, असं मी अंधारात कुजबुजले, तर सगळी रांग माझ्याकडे वळून बघायला लागली. महिनाभर जिन्यात भेटलं की मुलं म्हणायची, 'काकू, एकदा ओरडा ना.' आणि मीही ओरडायचे.

मग दुसरा भाग आला, तिसरा आला, तिसऱ्यातल्या खलनायकाच्या भावाचा वेगळा आला. त्यानंतर मालिका सुरू झाल्या. आठ भागांची एक मालिका बघितल्याशिवाय पुढचा सिनेमा कळायचा नाही, आणि तो सिनेमा बघितल्याशिवाय पुढची मालिका. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. एकटेच असतात. त्यांनी दोन वर्षं नेटाने सगळं बघितलं आणि एक दिवस मला जिन्यात थांबवून म्हणाले, 'वहिनी, सिनेमा बघायचाय की परीक्षेला बसायचंय, ते एकदा सांगून टाका. गृहपाठ करायचं माझं वय राहिलं नाही.' त्यानंतर त्यांनी काही बघितलं नाही. मुलंही मोठी झाली. परवा त्यांच्यातल्याच एकीला मी नव्या मालिकेबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, 'काकू, ते अजून चालू आहे?'

चालूच होतं. आमच्या घरी ते बघणारे एकटे आमचे हे उरले होते, तेही माझ्या शब्दाखातर. हे येरवड्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. माझं काम असलेला भाग आला की शहाण्यासारखे सोफ्यावर बसायचे, चष्मा पुसायचे आणि विचारायचे, 'आज कोणतं शहर?' मी सांगायचे. मारामारी सुरू झाली की यांची मान छातीवर टेकायची. माझी किंकाळी आली की मी कोपराने ढोसायचे, मग हे डोळे न उघडता म्हणायचे, 'छान. मागच्या शहरापेक्षा बरी ओरडलीस.' हा माणूस सबंध आयुष्यात एकदाही सरळ बोलला नाही. मुलांच्या वह्यांवरही 'उत्तर बरोबर आहे, प्रश्न मात्र दुसरा होता' असं लिहायचा. मला त्या बोलण्याची इतकी सवय होती की ते थांबू शकतं, असं कधी मनातही आलं नाही.

माझं तरी काय होतं? मला भीती वाटेनाशी झाली होती. समोरच्या पडद्यावर अख्खं शहर हवेत उचललं जायचं आणि मी ओरडता ओरडता मनात म्हणायचे, आज मटकी भिजत घालायची राहिली. स्टुडिओतल्या दिग्दर्शिका बाई म्हणायच्या, 'ताई, भीती पोचत नाहीये.' मी म्हणायचे, 'निघतच नाहीये हो, पोचेल कुठून?' त्याही हसायच्या. त्यांनाही कंटाळा आला होता. पण दर वेळी वरून निरोप यायचा की या वेळचं संकट आधीच्यापेक्षा मोठं आहे, तेव्हा आवाज वाढवा.

आणि एक शब्द तर मला नकोसा झाला होता. 'वाचवा'. आठ वर्षांत मी तो हजारो वेळा ओरडले असेन, पण विश्रांतवाडीत, येरवड्यात, माझ्या माहेरी, सासरी, कुठेही संकटात सापडलेल्या माणसाने 'वाचवा' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. माणसं 'आई गं' म्हणतात. 'अहो, जरा इकडे या' म्हणतात. मी तसं एकदा बाईंना सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, 'पडद्यावर तोंड आ वासलेलं आहे ताई, त्यात "अहो, जरा इकडे या" बसत नाही.' त्यांचं बरोबर होतं.

टाळेबंदी लागली तेव्हा स्टुडिओ बंद झाला आणि गर्दी घरी आली. झोपायच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटातले कपडे मी काढले, आत सगळीकडून गोधड्या लावल्या, माइक टांगला, मांडीवर लॅपटॉप आणि कानांवर हेडफोन. दार लावून घेतलं की बाहेरचं काही ऐकू येत नसे. लोहगावची लढाऊ विमानं मात्र त्या गोधड्यांनाही जुमानायची नाहीत, म्हणून ती शांत असतील तेव्हाच काम करायचं. पहिल्याच दिवशी मी आत बसून दहा मिनिटं किंचाळले. बाहेर येऊन बघते तर हॉलमध्ये खालचे काका हातात लोखंडी गज घेऊन उभे आणि आमचे हे त्यांना म्हणतायत, 'बसा, चहा घ्या. ती आत एका शहरात आहे.'

त्या दिवशी मी सगळ्या इमारतीत फिरले. आठही घरांची बेल वाजवून सांगितलं, अहो, माझं काम आहे, ओरडणं ऐकू आलं तर घाबरू नका, लक्षच देऊ नका. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर एक सूचना लागली. 'दुपारी १ ते ४ या वेळेत कृपया जग वाचवू नये.' खाली सही नव्हती, पण अक्षर काकांचं होतं. मग मी चारनंतर बसायला लागले.

दारावर लावायला पाटी यांनी करून दिली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर, फळ्यावर लिहायचे त्याच वळणदार अक्षरात. 'ध्वनिमुद्रण चालू आहे. आरडाओरडा खोटा आहे. बेल वाजवू नये.' लिहून झाल्यावर हात लांब धरून ती बघत म्हणाले, 'बऱ्याच घरांना लावता येईल.' कपाटात जाण्याआधी मी ती दाराबाहेर खिळ्याला अडकवायचे आणि काम झालं की काढायचे. म्हणजे काढायची असं ठरलं होतं. कधीकधी ती दोन-दोन दिवस तशीच लटकलेली असायची.

काकांना ते खटकायचं. एकदा त्यांनी मला बसवून समजावलं. कारखान्यात दर महिन्याला धोक्याचा भोंगा वाजवून सराव व्हायचा. आधी सगळ्यांना कळवायचे की आज सराव आहे. सराव संपला की दुसरा एक लांब भोंगा द्यायचे. 'तो दुसरा भोंगा महत्त्वाचा, वहिनी. तो झाला नाही तर खरंखुरं काही झालं तरी माणूस म्हणतो, असेल सराव. तुमच्या पाटीच्या मागे "संपले" असं लिहा आणि काम झालं की उलटी करा.' मी म्हटलं, लिहिते. पाटीची मागची बाजू कोरीच राहिली.

गेल्या थंडीतली गोष्ट. मोठी मालिका होती, दहा भागांची, आणि दहाही भागांत शहर पडत होतं. सवाचारला मी पाटी लावली, फोन बंद केला, कपाटात गेले. पाऊण तास ओरडले. घशाला कोरड पडली तशी हेडफोन काढून बाहेर आले. चहाची वेळ टळून गेली होती. चहा हेच करायचे, साडेचारला, घड्याळ लावून. आज वास आला नाही, एवढंच मला जाणवलं.

हे स्वयंपाकघरात ओट्याखाली पडले होते. ओट्यावर चहाचं पातेलं होतं, पाणी घातलेलं, गॅस पेटवलेला नव्हता. लायटर हातातच होता. तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते. किती वेळ तसे पडून होते, मला आजही माहीत नाही. मी कपाटात खोट्या लोकांसाठी गळा काढत होते तेव्हा हे इथे जमिनीवर होते. त्यांना माझा आवाज नक्की ऐकू येत असणार.

मी खाली बसले, डोकं मांडीवर घेतलं. त्यांना उलटी झाली. मी त्यांना कुशीवर वळवलं, तोंड पुसलं आणि ओरडले. काय ओरडले? 'वाचवा!' आठ वर्षं गळ्यात बसलेलं तेच बाहेर आलं. 'वाचवा! कोणीतरी वाचवा!' आवाज फाटला नाही, चिरकला नाही. अगदी नीट, वरच्या पट्टीत, बाईंना आवडला असता असा.

जिन्यात चपला वाजल्या. काकांचा एक पाय ओढत पडतो, त्यामुळे त्यांची चाल ओळखू येते. ते वर आले, आमच्या दाराशी थांबले. मला बरं वाटलं, आले एकदाचे. मी पुन्हा ओरडले, 'वाचवा!' क्षणभर काही नाही. मग चपला परत खाली जायला लागल्या. मी ओरडत राहिले आणि त्या खाली जाताना मला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आल्या.

फोन झोपायच्या खोलीत होता. स्वयंपाकघरापासून तिथपर्यंत बारा पावलं आहेत. मी नंतर मोजली. ती बारा पावलं मी लगेच टाकली नाहीत. डोकं सोडलं तर उलटी घशात जाईल, असं वाटत होतं, ते खरं आहे. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मला वाटत होतं की आपण ओरडतोय म्हणजे कोणीतरी येईलच. पडद्यावर दर वेळी येतं. हे लिहायलाही लाज वाटते, पण पन्नाशी उलटलेल्या, रोज रिक्षावाल्याशी वाद घालणाऱ्या बाईला त्या वेळी तसं वाटलं. दहा मिनिटं गेली असतील, पंधराही असतील. शेवटी मी त्यांच्या मानेखाली पायपुसणं सारलं, खोलीत गेले, फोन चालू केला आणि काकांना लावला. 'काका, जरा वर येता का? यांना बरं नाहीये.' अगदी साध्या आवाजात. घसा बसला होता आणि जोर उरला नव्हता.

ते अनवाणी आले. त्यांनीच शेजारच्यांना बोलावलं, खुर्चीत बसवून यांना तीन मजले उतरवलं, गाडी काढायला लावली. आळंदी रस्त्याला नेहमीची गर्दी होती, खरी गर्दी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं, अर्धांगवायूचा झटका, डावा मेंदू, उजवी बाजू. मग सहज विचारावं तसं म्हणाले, 'पडल्यावर आणायला वेळ का लागला?' मी काही बोलले नाही. माझ्यामागे उभे असलेले काकाही बोलले नाहीत.

बोलले ते पंधरा दिवसांनी, आम्ही घरी आल्यावर. संत्री घेऊन आले होते. यांच्या खाटेपाशी थोडा वेळ बसले, मग मला बाहेर गॅलरीत घेऊन गेले.

'मी आलो होतो वर.'

'माहीत आहे.'

'पाटी होती. बेल वाजवू नये, असं लिहिलं होतं. तरी वाजवली असती हो. बेलवर बोट ठेवलं होतं. पण तुम्ही "वाचवा" म्हणालात. म्हटलं, वाचवा म्हणजे कामाचंच. "अहो" म्हणाला असतात, "काका" म्हणाला असतात, तर दार मोडून आलो असतो.'

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. तेहतीस वर्षं दारूगोळ्यात काम केलेला माणूस. मला त्यांचा राग यायला हवा होता, कोणावर तरी यायला हवा होता. पण सगळ्या इमारतीला लक्ष देऊ नका असं मीच बेल वाजवून सांगून आले होते. मी म्हटलं, 'काका, चूक माझी आहे.' ते म्हणाले, 'चूक वाटून घेण्याएवढी मोठी आहे,' आणि खाली गेले.

यांना चालता यायला लागलं, वॉकर घेऊन, उजवा पाय ओढत. बोलणं मात्र गेलं. आठवड्यातून दोनदा एक मुलगी येते, चित्रं दाखवून शब्द म्हणून घेते. सहा महिन्यांत तीन शब्द आले. हो, नको आणि काय. त्या तिघांवर आमचा संसार चालतो. कधी चेहऱ्यावर जुनी खोडी उमटते, ओठ हलतात, मला कळतं की आत काहीतरी तिरकस तयार झालंय. मी वाट बघते. मग ते म्हणतात, 'काय... काय...' आणि मान फिरवतात. तेव्हा मला रडू येतं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी उठून दूध तापवायला जाते.

काम मी सोडलं नव्हतं. घरी बसून दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं आणि हेच येत होतं. फक्त काकांनी एक नियम घालून दिला. बसण्याआधी त्यांना फोन करायचा, 'सुरू करते.' उठल्यावर फोन करायचा, 'संपलं.' पाटी ठेवायची नाही. मी महिनोन्महिने तो नियम पाळला. माझा 'संपलं' यायला दहा मिनिटं उशीर झाला की त्यांचा फोन यायचा. चारनंतर ते कुठे बाहेर पडत नसत. भाजीसुद्धा सकाळी आणायला लागले.

परवा पुन्हा त्याच मालिकेचा पुढचा सीझन आला. बाई फोनवर म्हणाल्या, 'ताई, कोणी बघत नाहीये, तरी करायचंय. बारा किंकाळ्या आहेत, या वेळी जग नाही, जगं आहेत.' मी यांना सोफ्यावर बसवलं, टीव्ही लावून दिला, काकांना फोन केला आणि कपाटात गेले. पाच झाल्या. सहावीला पडद्यावर एक बाई ढिगाऱ्यातून हात वर काढते. मी ओरडले, 'वाचवा!' परत ओरडले, कारण पहिली लांबली होती. परत एकदा.

मानेला वारा लागला. कपाटाचं दार उघडं होतं. दारात हे उभे होते, वॉकरशिवाय. डाव्या हाताने चौकट धरली होती आणि उजवा पाय तिरका पडला होता. कपाळावरून घाम वाहत होता. हॉलमधून इथवर ते भिंतीला धरून आले होते. मी नेहमी सांगितलेलं, रोज ऐकलेलं, स्वतःच पाटीवर लिहिलेलं, ते सगळं त्या माणसाला माहीत होतं. त्यांच्या आठवणीला काही झालेलं नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय.

'काय?' ते म्हणाले. 'काय?'

'काही नाही हो,' मी म्हटलं. 'काम आहे. खोटं आहे.'

ते हलले नाहीत. डावा हात चौकटीवरून सुटला, माझ्या खांद्यावर आला आणि मला बाहेर ओढायला लागला. पूर्वी असते तर म्हणाले असते, आज कोणतं शहर. आता नुसते ओढत होते. मी हेडफोन काढले, लॅपटॉप बाजूला ठेवला आणि त्यांच्या हाताला धरून बाहेर आले. खाटेवर आम्ही दोघं बसलो. त्यांचा श्वास ताळ्यावर यायला बराच वेळ लागला.

सहा किंकाळ्या उरल्या होत्या. बाईंना कळवलं की दुसरं कोणी बघा. मग काकांना फोन लावला.

'संपलं,' मी म्हटलं.

'आज लवकर?'

'नाही काका. यापुढे फोन नाही करणार. आमच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला, कोणताही शब्द असला, तर तो खरा असेल. तुम्ही या.'

'बरं,' ते म्हणाले. 'मग मी आता जरा भाजी घेऊन येतो.'